इक्वेडोरची रंगीत तालीम

बावीस वर्षं मी मस्कतच्या शाळेत भूगोल शिकवला. दक्षिण अमेरिका मी डोळे मिटून फळ्यावर काढते. डावीकडे अँडीजची जाड रेघ, वरच्या अंगाला अमेझॉनचं जाळं आणि मधून आडवं विषुववृत्त. पोरं टाळ्या वाजवायची. पण त्या नकाशावर मी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं आणि ते मला कायम खुपायचं.

सातवीला मी सांगायचे की अमेझॉनच्या खोऱ्यातली माणसं मॅनिऑक खातात. मॅनिऑक म्हणजे काय हे मलाच आठ वर्षं ठाऊक नव्हतं. मग एकदा स्टाफरूममध्ये आमच्या केरळच्या बाईंनी डबा पुढे केला. म्हणाल्या, हा आमचा कप्पा, तुमच्या पुस्तकातला मॅनिऑक तो हाच, आणि साबुदाणा होतो तोही याचाच. म्हणजे जन्मभर जिची खिचडी खाल्ली ती वस्तू मी पोरांना परदेशी म्हणून शिकवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी ठरवलं की रिटायर झाले की तिकडे जाऊन बघून यायचं, आणि इक्वेडोरलाच जायचं.

इक्वेडोरच का, असं सगळे विचारतात. एवढासा देश, पण त्यात बर्फाचे डोंगर आहेत, अमेझॉन आहे, विषुववृत्त तर त्याच्या नावातच आहे. शिवाय तिथे चिंबोराझो आहे. समुद्रापासून मोजलं तर हा डोंगर एव्हरेस्टच्या जवळपासही येत नाही, पण पृथ्वी मध्यावर फुगलेली असल्यामुळे तिच्या केंद्रापासून सर्वांत लांबचं टोक तेच. पोरांना हे कधी पटायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुस्तकावर भरवसा ठेवून पटवून घ्यावं लागायचं.

मार्चअखेर मी रिटायर झाले आणि जूनमध्ये जायचं ठरलं. मी आणि धम्मदीप, दोघांनी. एकटीनं जायचा विचार माझ्या मनात आला नव्हता. अगदी शपथेवर सांगते, आला नव्हता.

धम्मदीप म्हणजे माझे यजमान. सव्वीस वर्षं सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. आठवडाभर तिकडे राहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी मस्कतला, मदिनत सुलतान काबूस भागातल्या घरी यायचं, असा आमचा संसार. त्यांच्याकडे कोणी टाकीवर चढायचं असलं किंवा वेल्डिंग करायचं असलं की आधी परमिट भरतात. काम काय, माणसं किती, धोके कोणते, उपाय कोणते. खाली दोन सह्या, एक काम करणाऱ्याची आणि एक पडताळणाऱ्याची. एकदा म्हणे पट्ट्याचं बक्कल सैल होतं म्हणून यांनी सही नाकारली. अर्बाब, म्हणजे मालक, स्वतः येऊन म्हणाला, सही कर आणि खलास. हे उठले आणि चहा प्यायला निघून गेले. नोकरी जायची वेळ आली होती, पण सही दिली नाही.

अशा माणसाला मी इक्वेडोरला न्यायला निघाले होते. त्यांनी काय केलं असेल? सहलीचं परमिट भरलं. काम: इक्वेडोर दर्शन. माणसं: दोन. धोके: उंची, भटकी कुत्री, घसरडी वाट, सपक जेवण. सपक जेवणापुढे उपाय म्हणून मिरचीपूड, शंभर ग्रॅम. मी हात टेकले.

इकडे ओळखीपाळखीच्या झाडून सगळ्यांनी टिपा दिल्या. त्यातला एकही दुबईपलीकडे गेलेला नाही. बुद्धजयंतीच्या तयारीच्या बैठकीला जमलो तर तिथेही तेच. एक म्हणे, खिशात कांदा ठेवा, उंचावर चक्कर येत नाही. एकीने दोन किलो मेतकूट न्यायला सांगितलं. मी म्हटलं, बाई, बटाटा ज्या डोंगररांगेत जन्मला तिथे जेवायला चाललेय, उपाशी मरायची नाही. पुण्याहून आमच्या उर्वीची टीप वेगळीच. म्हणाली, आई, बाबांशी रस्त्यात भांडू नकोस.

खरी टिपा देणारी मला फोनवर भेटली ती एल्विया. लाताकुंगा नावाच्या गावात ती प्रवाशांना खोल्या भाड्याने देते. तिची सकाळ झाली की आमची संध्याकाळ असते. ती स्पॅनिशमध्ये बोलायची, मी इंग्रजीत, मधे फोन भाषांतर करायचा. बसमध्ये पिशवी मांडीवर ठेव, वरच्या फळीवर नको आणि पायाशी तर नकोच नको. वीसची नोट कोणी मोडून देत नाही, सुट्टे ठेव. दुपारी एक वाजता कुठल्याही साध्या खाणावळीत शिर. आधी सूप येईल, मग भात, आणि आज काय आहे म्हणून विचारत बसू नकोस. थंडी वाजली तरी ऊन भाजतं, टोपी घाल. किलोतोआच्या तळ्याकडे उतरायला अर्धा तास लागतो म्हणून हुरळून जाऊ नकोस, वर यायला दीड तास लागतो. चढताना बोलता आलं पाहिजे, बोलता येईना की थांब.

मग ती उलट मला विचारायची. तुमच्याकडे नदी नाही? मग पाणी येतं कुठून? मी तिला फलज समजावले, डोंगरातलं पाणी पाटाने गावात आणतात, वाटून घेतात. तिला ते इतकं आवडलं की तिने शेजारणीला बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. बावीस वर्षांत एवढी चांगली विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती.

यांच्या वेळापत्रकाची फजितीही एल्वियानेच पकडली. ओतावालोचा मोठा बाजार यांनी शुक्रवारी धरला होता, सुट्टीच्या वारी बाजार भरणारच म्हणून. आणि रविवारी सकाळी आठला बँकेचं काम. सव्वीस वर्षं शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी कामावर, दुसरं सुचणार कसं? एल्विया म्हणाली, अगं, बाजार शनिवारचा, आणि रविवारी बँकेच्या दारात तुम्ही दोघं आणि एक कुत्रं एवढंच असेल. मी पोट धरून हसले. धम्मदीपनी गंभीर चेहऱ्याने दुरुस्ती केली आणि धोक्यांच्या यादीत लिहिलं, चुकीचा वार.

इथवर सगळी मजाच होती. घोडं अडलं ते डॉक्टरांपाशी. धम्मदीपना लहानपणापासूनचा दमा, त्यात दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. तिथली राजधानी क्वितो अठ्ठावीसशे मीटरवर, किलोतोआ एकोणचाळीसशेवर. डॉक्टर म्हणाले, आधी इथेच दोन हजार मीटरवर जा, चढ चढा आणि बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघा. नव्वदच्या वर राहिला तर बोलू. नव्वदच्या खाली गेला तर त्या डोंगरांचा नाद सोडा, तिथे वेळेवर हॉस्पिटल मिळणार नाही.

म्हणून एप्रिलातल्या एका शुक्रवारी आम्ही जबल अखदरच्या डोंगरावर निघालो. यांनी त्याला नाव दिलं मॉक ड्रिल. कारखान्यात खरी आग लागण्याआधी खोटी आग लावून पळायची तालीम करतात, तशी ही आमची इक्वेडोरची रंगीत तालीम. पाठीवर खरोखरच्या पिशव्या, पायात खरोखरचे बूट, पिशवीत मिरचीपूडसुद्धा. ट्रॅव्हल एजंटने दोन तिकिटं त्या दिवशी रात्री आठपर्यंत धरून ठेवली होती. तालीम जमली तर घरी पोचून तिकिटं घ्यायची, नाहीतर सोडून द्यायची.

आमची गाडी साधी. पायथ्याला बिरकत अल मौजच्या चेकपोस्टवर फोर-व्हील नसेल तर पोलीस परत पाठवतात. म्हणून यासिरला सांगितलं होतं. यासिर तिथलाच, लँड क्रूझर चालवतो, आपल्यासारखं हिंदी बोलतो. आमच्या पिशव्या बघून म्हणाला, "मॅडम, ऊपर दुकान है, सब मिलता है." मी त्याला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मतलब ये पहाड़, वो पहाड़ का एक्झाम है." बरोबर समजला होता. यल्ला, म्हणजे चला, म्हणाला आणि गाडी घाटाला लावली.

वर गुलाबांचा हंगाम होता. डोंगराच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यात गुलाबी झुडपं, खाली एकदम दरी. अल ऐन गावातून पायऱ्या उतरत आम्ही पाटाच्या कडेने गेलो. इतकी वर्षं मी ओमानात राहिले आणि हा फलज मी फोटोवरून एल्वियाला समजावत होते. पाण्यात हात घातला तर गार. किती रुंद, किती उतार, कोणाचा वाटा किती वेळ, मी यासिरला विचारून विचारून भंडावून सोडलं. तो बिचारा इन्शाल्ला मालूम करेगा म्हणत राहिला.

मग चढ. दोनशे दहा पायऱ्या, धम्मदीप मोजत होते. सत्तरपर्यंत मोठ्याने मोजल्या. मग मनात. शंभरनंतर मी एल्वियाची टीप आठवून विचारलं, "अहो, बोलता येतंय ना?" ते मान हलवून हो म्हणाले. मान हलवून.

वर एक शेड होती, मातीच्या भट्टीत गुलाबपाणी काढायची. सगळीकडे धुराचा आणि गुलाबाचा वास. भट्टीवाली आमिना यांच्याकडे बघून पटकन उठली आणि तिने यांना बाकावर बसवलं. माझ्या हातात कहवा दिला आणि यासिरमार्फत विचारायला लागली, हे लोक कुठे चाललेत, तिकडे गुलाब होतात का? मी म्हटलं, होतात तर, विमानं भरभरून जगभर पाठवतात. तिने विचारलं, वास असतो का त्यांना? मला सांगता येईना. बघून येऊन सांगते, असं मी वचन देऊन बसले आणि पाण्याची बाटली घेऊन यांच्याकडे गेले.

ते माझ्याकडे पाठ करून बसले होते. बोटाला मशीन होतं. मी अगदी मागे उभी होते आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. मशीनवर शहाऐंशी दिसत होतं. थोडं थांबून पुन्हा शहाऐंशी. त्यांनी मशीन काढलं, गुडघ्यावरच्या फॉर्मवर वेळ लिहिली, सव्वाअकरा, आणि पुढे आकडा लिहिला, त्र्याण्णव.

मी एक पाऊल मागे सरले. मग मुद्दाम बूट वाजवत आले आणि बाटली पुढे केली. म्हणाले, "त्र्याण्णव. फर्स्ट क्लास." घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"छान झालं," मी म्हटलं.

यासिर जुम्म्याच्या नमाजाला गेला. आम्ही गाडीत बसून डबा खाल्ला. मग तो आला आणि आम्ही घाट उतरायला लागलो. या सगळ्या वेळात मी काय केलं ते सांगते, कारण लपवून उपयोग नाही. मी क्वितोच्या स्टँडवर गेले. बसमध्ये खिडकीची जागा पकडली, पिशवी मांडीवर घेतली. शेजारी टोपीवाली एक बाई येऊन बसली, तिच्या पाटीत कोंबडी होती. लाताकुंगाला एल्विया दारात उभी होती, मी समजले होते त्यापेक्षा बुटकी. तिने सूप वाढलं. मी काय आहे म्हणून विचारलं नाही. मग तळं, हिरवंगार, आणि वर चढताना मी तिला वाऱ्यावर ओरडून ओरडून पाण्याच्या वाटण्या सांगत होते. माझ्या छातीत धाप नव्हती. पुढच्या सीटवर धम्मदीप हळूहळू श्वास घेत होते आणि ते मला ऐकू येत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

एकदा मनात आलंही की मशीन चुकलं असेल. मग वाटलं, दोन महिने आहेत, व्यायाम करतील. मग वाटलं, मी काही पाहिलंच नसतं तर? माणूस स्वतःला किती पटवू शकतो, त्याला काही मर्यादा नाही.

बिरकत अल मौजला खाली आल्यावर यासिरने ब्रेक गार व्हायला गाडी लावली आणि पाणी आणायला उतरला. धम्मदीपनी फॉर्म काढला. शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं, तालीम उत्तीर्ण. खाली त्यांची सही झालेली होती.

"इथे सही कर," म्हणाले. "पडताळणाऱ्याची."

मी पेन घेतलं. सव्वीस वर्षांत या माणसाने खोट्या कागदावर सही केली नव्हती. रोज सकाळी पंचशील म्हणतात, त्यातल्या चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, आवाज जरा चढतो त्यांचा. आणि आज त्यांनी हे केलं होतं, ते माझ्या इक्वेडोरपायी. मला भयंकर राग आला. त्यांचा नाही, माझा. सही करायला खाली वाकले तर कागद नीट दिसेना.

"आकडा किती होता?" मी विचारलं.

"लिहिलाय की. त्र्याण्णव."

"मशीनवरचा विचारतेय."

 समोर पोलीस एका साध्या गाडीला वळवून परत पाठवत होता, ते बघत राहिले. मग म्हणाले, "शहाऐंशी. थंडीने बोट गार पडलं की चुकीचं दाखवतं कधी कधी."

"कसली थंडी? घाम निथळत होता तुमचा."

"तुला कसं कळलं?"

"मागे उभी होते."

"म्हणजे तेव्हाच पाहिलंस."

"तेव्हाच."

त्यांनी घड्याळ बघितलं. कारखान्यात काही झालं की हे आधी वेळ बघतात, मग माणूस. "सव्वाअकराला घेतलं होतं. आता सव्वा वाजला. दोन तास तू गप्प बसलीस, सरिता? तू?"

मी दोन मिनिटं गप्प बसणारी बाई नाही, हे सगळ्या मस्कतला माहीत आहे. "बसले," मी म्हटलं.

"का?"

"मी क्वितोत होते."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. माझ्याकडे वळून नीट बघितलं आणि विचारलं, "तिथे मी होतो का?"

रागाने नाही विचारलं. टोमणाही नव्हता त्यात. एल्वियाने पाण्याचं विचारावं तसं विचारलं, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मी सगळं पुन्हा आठवून बघितलं. बस, खिडकी, शेजारची टोपीवाली, एल्वियाचं दार, सुपाचा एकच वाडगा, तळं. हो म्हटलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं. पण एका दिवसात दोन खोट्या नोंदी मला झेपणाऱ्या नव्हत्या.

"नव्हतात," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ मला रडू दिलं. मग म्हणाले, "काम थांबवायचं कारण नाही. एक माणूस फिट नाही, एवढंच."

त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. त्र्याण्णववर एक आडवी रेघ मारली, शेजारी शहाऐंशी लिहिलं आणि बाजूला आद्याक्षरं टाकली. खालच्या ओळीतलं उत्तीर्ण खोडलं, तिथेही आद्याक्षरं. मग कागदाच्या वरच्या भागात गेले, जिथे माणसं: दोन असं लिहिलेलं होतं. तिथे त्यांचा हात थोडा थांबला. मग दोनवर रेघ मारली, एक लिहिलं, आद्याक्षरं टाकली आणि पेन परत माझ्यापुढे धरलं.

मी सही केली.